नियम पाठ आहेत, तरी इंग्रजी वाक्यातली चूक दिसत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'मॅडम, मी मराठी मीडियमची, स्टाफ सिलेक्शनची तयारी करतेय. ग्रामरचे नियम पाठ आहेत पण एरर स्पॉटिंगला, म्हणजे वाक्यातली चूक शोधायला बसले की प्रत्येक वाक्य बरोबरच वाटतं, आणि जिथे खरंच नो एरर असतं तिथे मी चूक शोधत बसते. काय करू?' सोबत मॉकमधली दोन वाक्यं दिलीत. पहिलं 'वेट हिअर अनटिल आय डोन्ट कम बॅक', इथे हिने नो एरर, म्हणजे 'चूक नाही' हा पर्याय मारला. दुसरं 'हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट', इथे 'हॅड वी' चुकीचं आहे असं उत्तर दिलं. दोन्ही चुकली.

बाळा, ही दोन वाक्यं तू दिलीस हे फार बरं केलंस, कारण तुझा सगळा प्रॉब्लेम या दोन वाक्यांतच आहे. मी सतरा वर्षं तालुक्याच्या गावात मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजी शिकवतेय आणि माझं ठाम मत झालंय की नियम कमी पडतात म्हणून मुलं चुकत नाहीत. ती वाक्य कानाने वाचतात म्हणून चुकतात, आणि कान तर मराठी आहे. जे वाक्य मराठीत नीट बसतं ते कानाला बरोबर वाटतं, जे बसत नाही ते खटकतं.

पहिलं वाक्य मराठीत म्हणून बघ. 'मी परत येत नाही तोवर इथेच थांब.' आहे ना अगदी बरोबर? आपल्याकडे असं बोलताना तिथे 'नाही' येतो. इंग्रजीत 'अनटिल' मध्येच ते 'नाही तोवर' आलेलं असतं, त्यामुळे परत 'डोन्ट' लावलं की दोनदा नाही होतं. 'वेट हिअर अनटिल आय कम बॅक', एवढंच. 'अनलेस' चं पण तसंच, 'अभ्यास केला नाहीस तर नापास होशील' चं मुलं 'अनलेस यू डोन्ट स्टडी' करतात, आणि मी फळ्यावर हे वाक्य लिहून विचारलं चूक कुठे तर अख्खा वर्ग माझ्याकडे बघत बसतो, कोणाला काही खटकतच नाही. कसं खटकणार, मराठीत ते शंभर टक्के बरोबर आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं, कुठल्या जागी मराठी आपल्याला फसवते त्या जागा ओळखून ठेव. त्या फार नाहीत. आणि काही जागी मराठी उलट मदत करते, त्या पण माहीत करून घे, कारण त्या कोणी सांगत नाही.

मदत करते तिथून सुरू करते. कर्ता आणि क्रियापद. पेपर काढणारा काय करतो, कर्ता आणि क्रियापदाच्या मधे एक लांबलचक शेपूट घालतो. 'द बॉक्स ऑफ मँगोज हॅव अराइव्ह्ड.' मुलांना 'मँगोज' शेजारी दिसतं आणि 'हॅव' बरोबर वाटतं. आता हेच मराठीत म्हण, 'आंब्यांची पेटी आली'. 'आंब्यांची पेटी आले' असं तुझी चार वर्षांची भाची पण म्हणणार नाही. काय आली, पेटी आली, पेटी एक आहे, म्हणजे 'हॅज'. आपली मराठी कर्त्याचं लिंग वचन दोन्ही क्रियापदात दाखवते, त्यामुळे खरा कर्ता कोण हे ती लगेच सांगते. 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' वाली वाक्यं पण अशीच सुटतात. 'आई मुलांसोबत आली', आली कोण तर आई, मग मुलं दहा असोत, इंग्रजीत पण 'द मदर अलाँग विथ हर चिल्ड्रन हॅज कम'. 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' मध्ये मुलं आयुष्यभर गोंधळतात, तिथे पण मराठी कर. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी, बरेच आहेत म्हणून 'आर'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, संख्या एक म्हणून 'इज'. संपलं.

फक्त एक सांभाळ. मराठीत कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलांनी पोळी खाल्ली', दोन्हीकडे खाल्लीच. तिथे ही युक्ती चालणार नाही, मग वाक्य वर्तमानकाळात करून बघायचं, खातो की खातात. दोन सेकंदाचं काम आहे.

आणि कर्ता क्रियापदात मराठी फसवते ती जागा म्हणजे 'वन ऑफ'. 'माझा एक मित्र पुण्यात राहतो', इथे मित्र एकच आहे म्हणून मुलं 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहितात. पण इंग्रजीतलं ते 'माझ्या मित्रांपैकी एक' आहे, पैकी म्हटलं की मित्र अनेक आलेच, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज इन पुणे', मित्र अनेक पण राहणारा एक. 'वन ऑफ' दिसलं की मनात पैकी म्हणायचं. 'एव्हरीबडी' ला पण फसायला होतं, आपण 'सगळे आलेत' म्हणतो म्हणून 'हॅव' वाटतं, पण इंग्रजी त्याला एकवचनी धरतं, 'एव्हरीबडी हॅज कम'. काही नामं पण अशीच असतात. आपली कात्री एक, त्यांची 'सिझर्स' अनेकवचनी. आपले केस अनेक, 'केस पांढरे झालेत', आणि त्यांचं 'हेअर' डोक्यावरचं सगळं मिळून एक, 'हिज हेअर इज ग्रे'. 'न्यूज' ला शेवटी एस असून एकवचनी, 'पोलीस' ला एस नसून अनेकवचनी. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट यांना एस कधीच लावायचा नाही. ही पाठच करायची, यात समजून घेण्यासारखं फार काही नाही.

आता काळ. इथे जास्त वेळ दे कारण मराठी मुलांच्या सगळ्यात जास्त चुका मी इथे बघितल्यात.

'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतेय' याचं इंग्रजी कर म्हटलं की दहातले आठ जण 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतात. एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही मराठीतून आलेल्या. 'राहतेय' हा आपल्याकडे साधा चालू वर्तमानकाळ आहे म्हणून 'ॲम लिव्हिंग', पण मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. आणि 'पासून' हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, सकाळपासून आणि दोन तासांपासून. इंग्रजीत सकाळपासूनला 'सिन्स' आणि दोन तासांपासूनला 'फॉर'. मुलांना पॉइंट ऑफ टाइम, पिरियड ऑफ टाइम असं शिकवलेलं असतं, ते पाठही असतं, पण पेपरमध्ये आठवत नाही. मी त्यांना एकच टेस्ट देते, 'पासून' काढून 'झाले' किंवा 'झाली' लावून बघ. 'पाच वर्षं झाली मी इथे राहतेय', बसलं, म्हणजे 'फॉर'. '2019 झाली मी इथे राहतेय', नाही बसलं, म्हणजे 'सिन्स'. या टेस्टवर मी आजपर्यंत कोणाला अडलेलं बघितलं नाही.

ही चूक माझ्या पण वाट्याला आलीये म्हणून जास्त तळमळीने सांगते. मी पाचवीत एबीसीडी शिकले, आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी 2000 सालापासून आलं, त्याआधीच्या आम्ही सगळ्या पाचवीवाल्या. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी लिहिलं होतं 'आय ॲम टीचिंग सिन्स टू इयर्स', आणि मुलाखतीला समोर बसलेल्या माणसाने त्या ओळीखाली लाल रेघ मारून कागद माझ्याकडे सरकवला, एक शब्द बोलला नाही. मला चूक काय ते कळेना. घरी येऊन ती रेघ बघत बसले होते. म्हणून मी कोणाच्याही वहीत नुसती रेघ मारत नाही, शेजारी मराठीत का ते लिहिते.

असो. काळाच्या अजून काही जागा. 'मी त्याला काल भेटलेय' हे आपण सर्रास म्हणतो, म्हणून 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' कानाला बरं लागतं. इंग्रजीत काल, परवा, गेल्या वर्षी, 2015 मध्ये असा संपलेला वेळ वाक्यात असेल तर 'हॅव' चालत नाही, सरळ 'आय मेट हिम यस्टरडे'. 'तो आला नाही' यात आपला भूतकाळ 'आला' मध्येच राहतो आणि 'नाही' नुसतं शेवटी लागतं, म्हणून 'ही डिडन्ट केम' होतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड' उचलून नेतो, मग मागे मूळ रूपच उरतं, 'ही डिडन्ट कम'. 'तो येईल तेव्हा सांगेन', आपल्याकडे दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम'. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' असल्या वेळेच्या नाहीतर अटीच्या तुकड्यात 'विल' येत नाही, 'व्हेन ही कम्स'. आणि ती सगळ्यांची लाडकी कंडिशनल, 'मला माहीत असतं तर मी आले असते'. बघ, दोन्हीकडे असतं, असते, एकच रूप. म्हणून मुलं दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतात. इंग्रजीत अटीकडे 'हॅड' आणि निकालाकडे 'वुड हॅव', 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. 'इफ' च्या तुकड्यात 'वुड हॅव' दिसलं की बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

जोडशब्द. मराठीत जोडीने बोलायची सवय आहे, जरी तरी, जेव्हा तेव्हा, कारण म्हणून. 'जरी पाऊस होता तरी तो आला', म्हणून 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम'. इंग्रजीत एकच पुरतो, 'ऑलदो' ठेव नाहीतर 'बट' ठेव. 'कारण' या अर्थाच्या 'ॲज' किंवा 'सिन्स' ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे 'सो' आलं की तीच चूक.

प्रश्नाचं वाक्य पोटात आलं की काय होतं ते पण बघून ठेव. 'स्टेशन कुठे आहे मला माहीत नाही' चं 'आय डोन्ट नो व्हेअर इज द स्टेशन' होतं. वाक्याच्या पोटातला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, म्हणून कर्ता आधी, 'व्हेअर द स्टेशन इज'. हे प्रश्न खूप येतात आणि एकदा कळलं की मार्क हातातले आहेत.

एक जागा अशी आहे जिथे भलेभले फसतात, इंग्रजी मीडियमवाले सुद्धा. 'वॉकिंग अलाँग द रोड, अ डॉग बिट मी.' मराठीत 'रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला', यात काही म्हणजे काही वावगं नाही, कारण आपला 'ताना' मोकळा आहे, चालणारा कोण ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत स्वल्पविरामाच्या आधीचं ते 'आयएनजी' वालं काम जो करतो तोच स्वल्पविरामानंतर पहिला यायला लागतो. इथे पहिला आला कुत्रा, म्हणजे चालत होता कुत्रा. 'व्हाइल आय वॉज वॉकिंग अलाँग द रोड, अ डॉग बिट मी' असं करावं लागतं. वाक्य 'आयएनजी' ने सुरू झालं की स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या शब्दावर बोट ठेव आणि विचार, हे काम याने केलं का?

प्रीपोझिशनच्या त्या चारशे पाचशेच्या याद्या पाठ करणं सोड. त्यातल्या कितीतरी मराठीशी जुळतात, त्यावर वेळ घालवून उपयोग नाही. 'डिपेन्ड ऑन' म्हणजे त्यावर अवलंबून, वर आणि ऑन जुळलं. 'अफ्रेड ऑफ' म्हणजे वाघाची भीती, ची आणि ऑफ जुळलं. जे जुळत नाही तेवढंच वहीत घे. त्याच्याशी लग्न, पण 'मॅरीड टू'. त्याच्यावर रागावली, पण 'अँग्री विथ'. त्याबद्दल चर्चा, पण 'डिस्कस' ला काहीच लागत नाही, 'डिस्कस अबाउट' चूक. पास झाल्याबद्दल अभिनंदन, पण 'काँग्रॅच्युलेट ऑन'. कॉफीपेक्षा चहा आवडतो, पण 'प्रिफर टी टू कॉफी', आणि 'सुपीरियर', 'ज्युनियर', 'सीनियर' ला पण 'दॅन' नाही, 'टू'. माझ्या अंदाजाने अशी पन्नास साठ झाली की तुझं काम भागतं.

'पेक्षा' वरून आठवलं, 'द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई', यात चूक आहे, हवेची तुलना शहराशी झाली. 'दॅन दॅट ऑफ मुंबई' पाहिजे. आपण बोलताना 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली' म्हणून सोडून देतो, इंग्रजीचा पेपर सोडत नाही.

आर्टिकल मराठीत नाहीतच, त्यामुळे 'द' कुठे येतं कुठे नाही ते वाचून वाचूनच अंगवळणी पडणार, त्याला शॉर्टकट नाही. पण 'अ' आणि 'ॲन' साठी मात्र आपल्याकडे इंग्रजी मीडियमच्या पोरांपेक्षा भारी हत्यार आहे, आपली देवनागरी. शब्द मराठीत लिहून बघ. ऑनेस्ट, स्वराने सुरू, 'ॲन ऑनेस्ट मॅन'. अवर, स्वर, 'ॲन अवर'. एमबीए, स्वर, 'ॲन एमबीए'. युनिव्हर्सिटी, य ने सुरू, व्यंजन, 'अ युनिव्हर्सिटी'. युरोपियन पण य. वन, व ने सुरू, 'अ वन रुपी कॉइन'. स्पेलिंगकडे बघणारा जिथे फसतो तिथे आपण फसत नाही. एकच खड्डा आहे, वर्ष या अर्थाचं 'इयर' आपण इ ने लिहितो आणि कान या अर्थाचं पण इ नेच लिहितो, पण वर्षवाल्याचा खरा उच्चार य ने सुरू होतो, म्हणून 'अ इयर' वर्ष आणि 'ॲन इयर' कान.

आता तुझं दुसरं वाक्य, 'हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट'. पहिल्या वाक्याच्या बरोबर उलट. 'आम्ही स्टेशनवर पोचतोय न पोचतोय तोच गाडी सुटली', यात 'हॅड वी' सारखी उलटापालट कुठेच नाही म्हणून तुला ते खटकलं. 'हार्डली', 'स्केअर्सली', 'नो सूनर', 'नेव्हर' असला नकाराकडे झुकणारा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की इंग्रजीत प्रश्नासारखी रचना होते, ते बरोबरच आहे. फक्त जोडी तपासायची, 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' ला 'व्हेन', 'नो सूनर' ला 'दॅन'. इथे 'व्हेन' आहे, म्हणजे नो एरर.

नो एरर साठी माझ्या वर्गात एक कडक नियम आहे. ज्या भागावर बोट ठेवशील तिथली चूक एका वाक्यात सांगता आली पाहिजे, 'कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी' अशी. 'कसंतरी वाटतंय', 'असं ऐकलं नाही' हे कारण चालणार नाही. कारण सांगता आलं नाही तर चूक नाही असं धरून नो एरर मारायचं आणि पुढे जायचं. टियर वन ला, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, इंग्रजीचे 25 प्रश्न 50 मार्कांना असतात आणि चुकलं की अर्धा मार्क जातो, म्हणजे वाटण्यावर मारलेली चार उत्तरं चुकली तर वरचे दोन मार्क पण गेले, आणि मेरिटला दोन मार्क म्हणजे काय असतं ते तुला मी सांगायला नको.

वाचायचा क्रम पण ठरवून टाक. वाक्य डावीकडून उजवीकडे कादंबरीसारखं वाचायचं नाही. आधी क्रियापद शोध, मग त्याचा खरा कर्ता. मग वेळेचा शब्द आहे का, यस्टरडे, सिन्स, बाय नेक्स्ट मंथ, आणि काळ त्याच्याशी जुळतो का. मग जोडशब्द. प्रीपोझिशन आणि आर्टिकल सगळ्यात शेवटी. मुलं नेमकं उलट करतात, 'द' आणि 'अ' वर अडून बसतात आणि समोर 'हॅव' च्या जागी 'हॅज' पाहिजे ते त्यांना दिसत नाही. सुरुवातीला या क्रमाने एका वाक्याला दोन मिनिटं लागतील, लागू देत, महिन्याभरात अर्ध्या मिनिटावर येतं.

आणि वही. शंभर पानी घे, पानाचे तीन भाग कर. पहिल्यात चुकलेलं वाक्य, दुसऱ्यात बरोबर वाक्य, तिसऱ्यात हे मराठीतल्या कुठल्या बोलण्यावरून चुकलं ते. तिसरा भाग सोडायचा नाही, तोच खरा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत तिसऱ्या रकान्यात नुसतं 'पासून', 'पासून', 'पासून' असं अकरा वेळा आलं होतं, बाकी सगळं तिला येत होतं. तिने आठ दिवस फक्त 'सिन्स', 'फॉर' ची वाक्यं केली आणि ते प्रकरण मिटवलं. तिला कोणी दोनशे नियमांचं पुस्तक परत पाठ करायला लावलं असतं तर ती अजून तिथेच असती. रोज जुन्या पेपरमधली वीस वाक्यं पुष्कळ झाली, पण वीसच्या वीस वहीतून जाऊ देत.

बोलताना मात्र हे सगळं डोक्यात घेऊन बसू नकोस. बोलताना चूक झाली तर होऊ दे, समोरच्याला कळलं म्हणजे झालं, तिथे थांबून थांबून व्याकरण तपासशील तर तोंडच उघडणार नाही. चूक शोधणं हे वेगळं कसब आहे, पेन हातात घेऊन करायचं.

पहिल्या पानासाठी एक वाक्य देते, हे घेऊन सुरुवात कर. 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅज क्लिअर्ड द एक्झाम.' मराठी कर, 'ज्या मुली पास झाल्या त्यांच्यापैकी ती एक'. 'हू' म्हणजे इथे 'ज्या', 'जी' नाही, पास झालेल्या अनेक आहेत, म्हणून 'हू हॅव क्लिअर्ड'. आणि त्याच वाक्यात 'वन' च्या आधी 'द ओन्ली' घातलं तर पास होणारी ती एकटीच उरते, 'हू' चा अर्थ 'जी' होतो आणि 'हॅज' बरोबर ठरतं. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिही आणि तिसऱ्या रकान्यात 'ज्या' आणि 'जी' एवढंच लिहून ठेव.